जात्यावरची ओवी आणि शाहिराचा डफ



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी ऐतिहासिक लिहा, असे मंडळाने मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि राजेमहाराजे डोळ्यांपुढे येतात, आणि त्यावर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. म्हणून मी निराळाच विषय घेतला आहे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हापासून १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तोपर्यंतची पंधरा वर्षे ही आपल्या आजीच्या, आजेसासूच्या तरुणपणाची वर्षे. त्या काळात देशात एवढ्या उलथापालथी झाल्या, त्या या बायकांपर्यंत कशा पोचल्या, आणि बायकांचे त्यात काही होते की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला सुचला तो माझ्या आजेसासूबाईंमुळे. त्यांना अक्षरओळख नव्हती. अंगठा करीत. पण संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की त्या सगळे क्रमवार सांगत. मुंबईत गोळीबार कसा झाला, माणसे कशी पडली, मुंबई आपल्याला मिळत नव्हती ती कशी मिळाली. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा मला त्याचे फार नवल वाटे. एकदा मी त्यांना विचारले, "आत्याबाई, तुम्हांला वाचता येत नाही, मग हे सारं तुम्हांला कसं ठाऊक?" तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं पोरी, वाचाया येत न्हाय म्हून काय कानबी न्हाईत व्हय मला?"

या कानांचीच ही हकीकत आहे.

१९५१ साली स्वतंत्र भारताची पहिली शिरगणती झाली. तिच्यात देशातल्या दर शंभर बायकांत नऊ बायकाही साक्षर निघाल्या नाहीत. म्हणजे वर्तमानपत्र निघाले, पुस्तक छापले, तरी शंभरांतल्या नव्वदांहून अधिक बायकांना त्याचा थेट उपयोग नव्हता. पुरुषांचीही स्थिती फार चांगली नव्हती. चावडीवर किंवा पारावर एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशी रीत होती. बायका तिथे बसत नसत. त्यांच्यापर्यंत बातमी यायची ती घरातल्या पुरुषांच्या बोलण्यातून, बाजारातून, वारीतून आणि गाण्यातून. यांतले गाणे हे सर्वांत लांब पोचणारे आणि सर्वांत जास्त दिवस टिकणारे. ऐकलेली बातमी आठ दिवसांनी विसरते, पण चालीवर बसलेली बातमी जन्मभर राहते.

आता त्या काळचे गाणे कोणाकडून आले ते पाहू. आपल्या केमहून रेल्वेने कुर्डुवाडी जवळच आहे. तिथून बार्शीला पूर्वी छोटी गाडी जात असे, तीच ती बार्शी लाईट. त्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव मेहबूब हुसेन पटेल. पुढे साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखले ते हेच. लहानपणापासून कष्ट. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, बार्शीच्या कापड गिरणीत काम केले, गिरणीतल्या संपात पुढे झाले, तुरुंगातही गेले. गाणे मात्र ते कोणत्याही उस्तादाकडे शिकले नाहीत. त्यांची आई मुनेरबी लोकगीते गात असे. तिच्या तोंडच्या गाण्यांचा वारसा त्यांच्या गळ्यात उतरला.

भगिनींनो, इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. पुढे या माणसाच्या पहाडी आवाजाने हजारोंच्या सभा हलल्या. त्या आवाजाची पहिली शाळा म्हणजे बार्शीतल्या एका गरीब घरातली आई. मुनेरबी मुसलमान, गाणी मराठी. आपल्या भागात जात्याला जातधर्म नव्हता. दळण सगळ्यांच्या घरी होते आणि पहाटेची ओवीही सगळ्यांच्या घरी होती.

१९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक काढले. युद्ध अजून चालू होते. रॉकेल, कापड, साखर सगळेच महाग आणि दुर्मिळ झालेले. १९४३ साली बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडून लाखो माणसे अन्नावाचून गेली. त्या दुष्काळावर अण्णाभाऊंनी पोवाडा रचला. रशियातल्या स्टालिनग्राड शहराच्या लढाईवरही त्यांनी पोवाडा रचला. कुठे बंगाल आणि कुठे रशिया! नकाशा न पाहिलेल्या माणसांना त्या लढाईची आणि त्या भुकेची ओळख डफाने आणि तुणतुण्याने करून दिली.

अण्णाभाऊंचे गाव सांगली जिल्ह्यातले वाटेगाव. जन्म १ ऑगस्ट १९२०. मातंग समाजातले, घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवसाची लाभली असे सांगतात. वडिलांबरोबर पायी चालत ते मुंबईला गेले, मिळेल ते काम केले, आणि अक्षरे नंतर स्वतःच्या हिमतीने शिकले. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली निघाली आणि ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. मी सातवी शिकून 'मला काय लिहिता येणार' असे म्हणत असते, तेव्हा मला अण्णाभाऊंची आठवण होते आणि लाज वाटते.

देश स्वतंत्र होण्याच्या तीनच महिने आधी आपल्या जिल्ह्यात एक मोठी गोष्ट घडली. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, पण त्यांच्या लेकरांना दार बंद. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी गावोगाव फिरून सभा घेतल्या. बरोबर राष्ट्र सेवा दलाची गाणारी मुले होती. तिथेही आधी गाणे आणि मग भाषण. शेवटी १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

याच साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' या नावाने त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. आई, भाऊ, माहेर, सासर, पंढरी असे विषय लावून त्यांनी त्या ओव्या मांडल्या. देवळाचे दार उघडावे म्हणून प्राण पणाला लावणारा माणूस आणि बायांच्या ओव्या वेचणारा माणूस एकच, हे मला योगायोगाचे वाटत नाही. जनाबाईबरोबर दळू लागणारा विठ्ठल ही ओवीतली गोष्ट ज्याने मनापासून ऐकली, त्याला तोच विठ्ठल कुलपात कसा बघवेल? बायका वर्षानुवर्षे जात्यावर म्हणत होत्या की देव दासीच्या शेजारी बसतो. गुरुजींनी ते खरे मानले, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी ते गेले. त्यांची 'श्यामची आई' आचार्य अत्रे यांनी १९५३ साली पडद्यावर आणली. वनमालाबाईंनी आईचे काम केले. १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच देण्यात आले, ते या मराठी चित्रपटाला. ज्या घरांत बायकांना सिनेमाला जाऊ देत नसत, तिथूनही या चित्रपटाला बायका गेल्या, असे जुनी माणसे सांगतात.

चित्रपटाचा विषय निघाला आहे तर आपल्या जिल्ह्याचे आणखी दोन चित्रपट सांगते. युद्धानंतर लागोपाठ दोन वर्षे सोलापूरची दोन माणसे पडद्यावर आली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करण्यासाठी गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि कोटणिसांची भूमिका स्वतः केली. पुढच्याच वर्षी, १९४७ साली, त्यांच्या राजकमल संस्थेने 'लोकशाहीर रामजोशी' काढला. रामजोशी हे पेशवाईतले सोलापूरचे शाहीर. भिक्षुकाच्या घरात जन्मून तमाशाच्या फडात गेले म्हणून त्यांना घराबाहेर व्हावे लागले. चित्रपटाची कथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची, रामजोशींच्या कामात जयराम शिलेदार आणि त्यांच्याबरोबर हंसा वाडकर. हा चित्रपट अतोनात चालला आणि त्यानंतर मराठीत तमाशाचे चित्रपट एकामागून एक निघू लागले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. पडद्यावर तमाशाला टाळ्या पडत असताना खऱ्या तमाशावर मुंबई सरकारने बंदी घातली. पुढे अटी घालून, मजकूर तपासून परवानगी देण्यात आली. कारण अश्लीलतेचे सांगितले. पण अण्णाभाऊंच्या वगात अश्लील काही नव्हते. त्यात सावकार होता, गिरणीचा मालक होता, मजुराची भूक होती. लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. तेव्हा अण्णाभाऊंनी गण, गवळण आणि वग यांची मांडणी बदलून त्याला लोकनाट्य असे नाव दिले. गाणे बंद करण्याची पाळी सरकारवर येते, यावरूनच गाण्यात किती बळ होते ते कळते.

बायकांच्या दृष्टीने मात्र या तमाशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घरंदाज बायकांनी तमाशा बघायचा नाही, आणि ज्या बायका तमाशात नाचत त्यांना घरंदाज म्हणायचे नाही, अशी रीत होती. फड त्यांच्या पायांवर उभा राही, पण मान शाहिराला. आमच्या आजेसासूबाई सांगत की, जत्रेत पोवाडा लागला तरी बायकांनी पुढे बसायचे नाही. त्या माळवदावर अंधारात बसून ऐकत. गाणारा दिसत नसे, शब्द मात्र सगळे ऐकू येत. सकाळी त्यातली चाल जात्यावर येई आणि तिच्यात आपले सुखदुःख घालून त्या म्हणत. म्हणजे आईकडून शाहिराकडे गेलेले गाणे असे फिरून पुन्हा बायांकडे येत होते. हा व्यवहार कोणाच्या वहीत लिहिलेला नाही, म्हणून तो इतिहासात सापडत नाही.

आता संयुक्त महाराष्ट्राकडे येते. भाषेप्रमाणे राज्ये करावीत अशी मागणी देशभर होती. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि त्यात मराठी माणसांना मुंबईसह वेगळे राज्य मिळाले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार होऊन पंधरा माणसे गेली. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळीबार झाले. सारा लढा मिळून शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या वर्षी १ नोव्हेंबरला गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र असे द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि असंतोष अधिकच वाढला. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी अत्र्यांनी 'मराठा' दैनिक काढले. 'श्यामची आई' पडद्यावर आणणारे हेच अत्रे. तिथे डोळ्यांतून पाणी काढणारी त्यांची लेखणी इथे आसूडासारखी चालली.

परंतु 'मराठा' वाचायला अक्षर लागते. ज्यांना अक्षर नव्हते त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे शाहीर. अमर शेख, अण्णाभाऊ आणि गव्हाणकर यांनी या लढ्यात महाराष्ट्र पालथा घातला. सभेत आधी शाहिरांचा डफ वाजे, माणसे जमत, मग पुढारी बोलत. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने सत्ताधारी पक्षाचा पुष्कळ ठिकाणी पाडाव केला. त्यात भाषणांचा वाटा होताच, पण गाण्याचा वाटाही लहान नव्हता.

या लढ्यातले अण्णाभाऊंचे सर्वांत गाजलेले गाणे म्हणजे 'माझी मैना' ही छक्कड. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावाकडे राहिलेल्या आपल्या बायकोची आठवण काढतो, असे ते गाणे सुरू होते. आणि ऐकता ऐकता कळते की ही ताटातूट दोन जिवांचीच नाही. बेळगाव, कारवार, निपाणी हे मराठी मुलूख महाराष्ट्रापासून दूर राहिले, त्यांचीही ती ताटातूट आहे. राज्य पुनर्रचना हा केवढा अवघड शब्द! पण घरधनी मुंबईला आणि बायको गावाला, हे दुःख गावागावातल्या बायकांना घरचे होते. त्यांच्या दुःखावरून त्यांना राजकारण समजावून सांगितले, म्हणून ते लगेच समजले. सर्व मराठी प्रदेशाला अण्णाभाऊंनी जी उपमा दिली, ती मागे राहिलेल्या बाईची दिली, हे आपण बायकांनी विसरू नये.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार आणि निपाणी मात्र बाहेरच राहिले. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, अमर शेख इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात गेले. दोघांनी बरोबर गायले आणि एकाच वर्षी निरोप घेतला.

या पंधरा वर्षांत आणखी एक नवे साधन आले, ते म्हणजे रेडिओ. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून तिथून माडगूळकरांचे आणि सुधीर फडक्यांचे गीतरामायण दर आठवड्याला एक गाणे याप्रमाणे वर्षभर चालले. एकूण छप्पन्न गाणी. रेडिओ श्रीमंताकडे असे आणि त्याला सरकारी परवाना लागे, पण ऐकायला शेजारपाजार जमे, आणि तिथे बायकांना पुढे बसायला मनाई नव्हती. कान तेच, साधन बदलले.

मात्र या सर्वांत एक गोष्ट हळूहळू नाहीशी झाली. दळणाची गिरणी गावोगाव आली आणि जाते कोपऱ्यात गेले. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईच्या हातांचे घट्टे ज्याने पाहिले आहेत, तो असे म्हणणार नाही. पण जात्याबरोबर ओवीही गेली. जाते थांबले म्हणजे ती सुचायचीही थांबली आणि आठवायचीही थांबली.

अभ्यासू लोकांनी पुष्कळ ओव्या जतन केल्या आहेत. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे मोठे काम केले. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गावही लिहिले, हे मला फार आवडले. 'रामजोशी'त काम केलेल्या हंसा वाडकर १९५९ साली 'सांगत्ये ऐका' चित्रपटात गाजल्या, आणि त्याच नावाने १९७० साली त्यांचे आत्मचरित्र निघाले. ते त्यांनी तोंडाने सांगितले आणि अरुण साधूंनी लिहून घेतले. बाई सांगायला तयार असते. लिहून घेणारे कोणी तरी लागते.

आता माझी चूक सांगते आणि लेख संपवते. माझ्या आजेसासूबाईंना संयुक्त महाराष्ट्रावर दोन-चार ओव्या येत होत्या. त्यांच्या स्वतःच्या होत्या की ऐकलेल्या, ते मी कधी विचारले नाही. भाकरी थापता थापता त्या म्हणत आणि मी 'हो हो' करीत धुणे घेऊन जाई. मी सातवी शिकलेली, घरात वही होती, पेन होते. लिहून घेईन पुढे कधी तरी, असे वाटे. त्या गेल्या आणि ओव्याही गेल्या. आज मला चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. अमर शेखांच्या आईचे नाव निदान आपल्याला ठाऊक आहे, कारण मुलगा शाहीर झाला. ज्यांची मुले शाहीर झाली नाहीत, त्यांच्या ओव्यांचा वारस कोण?

आपले केम कुंकवासाठी नावाजलेले आहे. इथले कुंकू कुठकुठल्या बायांच्या कपाळी लागते. त्या गावच्या बायांचे शब्दही जपले जावेत, एवढीच माझी इच्छा आहे. मंडळाला माझी नम्र सूचना अशी आहे की, या वर्षी एक जाड वही घ्यावी. आपल्या आळीत ऐंशीच्या पुढच्या ज्या आजी आहेत त्यांच्याकडे दुपारच्या वेळी दोघी-तिघींनी जावे आणि त्यांना येत असेल ते, जसे येते तसे, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. शुद्धलेखन बघू नये. खाली आजींचे नाव मात्र अवश्य लिहावे. पुढच्या स्मरणिकेत त्या वहीतली चार पाने छापता आली, तर माझ्या चुकीची थोडी तरी भरपाई झाली असे मी समजेन.

लेखात काही उणे-अधिक असेल तर सांभाळून घ्यावे.